मोडाशाची साथ आणि १८९६ वं अक्षर



२००९ च्या जानेवारी-फेब्रुवारीत गुजरातच्या साबरकांठा जिल्ह्यात काविळीची साथ आली. मोडासा गावाचं नाव तेव्हा देशभर गाजलं. आज ते अरवली जिल्ह्याचं मुख्य ठाणं आहे. त्या वेळी अरवली हा जिल्हा झालेला नव्हता. दोन महिन्यांत हिपॅटायटिस बीच्या ४५६ रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले ८९ जण दगावले. म्हणजे पाच रुग्णांमागे जवळजवळ एक मृत्यू. आपल्याकडे ज्याला पांढरी कावीळ म्हणतात तो हा आजार प्रौढ माणसाला नव्याने झाला, तर एरवी एवढा घातक नसतो. काही आठवडे थकवा, मळमळ, डोळे पिवळे, लघवी गडद. मग बहुतेक जण आपोआप बरे होतात. यकृत एकाएकी निकामी होण्याची वेळ शंभरात फार तर एखाद्यावर येते. मोडाशाच्या परिसरात तिथवर जाणारे इतके का निघाले?

साथीचा छडा लावला पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने, आपल्या सगळ्यांच्या तोंडी असलेल्या ‘एनआयव्ही’ने. डॉ. विद्या अरणकल्ले आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा त्यावरचा शोधनिबंध २०११ मध्ये आला. विषाणूच्या जनुकीय मजकुरातला लहानसा बदल रुग्णाच्या जिवावर कसा बेततो, आणि तो बेतण्यात माणसाच्या हातांचा केवढा वाटा असतो, या दोन्ही गोष्टी एकाच ठिकाणी दाखवणारं इतकं जवळचं दुसरं उदाहरण मला माहीत नाही. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी आयुष्यभर खेड्यापाड्यांतले रुग्ण तपासले. म्हणून विषय प्रयोगशाळेतला असला तरी तो रुग्णाच्या खाटेपाशी नेऊन ठेवायचा, एवढं मी ठरवून आलो आहे.

पुण्याच्या चमूने दोन प्रकारचे रुग्ण तपासले. १५२ जणांची कावीळ आपोआप बरी झाली होती. ३९ जणांचं यकृत निकामी झालं होतं. त्यातले २७ गेले, १२ वाचले. पहिली शंका साहजिक होती: या ३९ जणांना सोबत आणखी कुठल्या काविळीची लागण झाली असेल का? ए, सी, डी, ई, सगळे विषाणू शोधले. तसं काही आढळलं नाही. दुसरी शंका: यांच्या रक्तात विषाणूंची संख्या जास्त असेल. तीही खरी ठरली नाही. मग २२ गंभीर आणि १७ साध्या रुग्णांमधल्या विषाणूंचा जनुकीय मजकूर पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. तिथे उत्तर सापडलं. गंभीर रुग्णांच्या विषाणूंत दोन ठरावीक ठिकाणी बदल झालेले होते. आपोआप बऱ्या झालेल्या एकाही रुग्णात हे दोन्ही बदल एकत्र नव्हते. शिवाय गंभीर रुग्णांत सर्वांकडे ‘डी१’ हा उपप्रकार होता, तर साध्या रुग्णांत बहुतेकांकडे ‘डी२’.

हे बदल कुठले, ते समजून घ्यायला थोडं आत जावं लागेल.

हिपॅटायटिस बीचा विषाणू फार छोटा. माणसाच्या जनुकीय मजकुरात सुमारे तीनशे कोटी अक्षरं असतात. याच्यात जेमतेम ३,२००. एवढ्याशा मजकुरात त्याला चार जनुकं बसवायची असतात, म्हणून तो तीच अक्षरं दोन-दोन कामांना वापरतो. एका चौकटीतून वाचलं की विषाणूच्या नकला काढणारं प्रथिन मिळतं, आणि तीच अक्षरं एक घर सरकवून वाचली की बाहेरचं आवरण मिळतं. दुहेरी विणीच्या कापडात एका बाजूचा धागा ओढला की दुसऱ्या बाजूची नक्षी हलावी, तसं इथे होतं. ही गोष्ट लक्षात असू द्या, औषधांकडे आल्यावर ती पुन्हा लागेल.

नकला काढण्याची त्याची पद्धतही वेगळी आहे. डीएनएवरून आधी आरएनए आणि आरएनएवरून पुन्हा डीएनए, असा तो उलटा फेरा घेतो. हे काम करणाऱ्या विकराला चूक तपासून दुरुस्त करण्याची सोय नाही. रुग्णाच्या शरीरात रोज अब्जावधी नवे विषाणू तयार होत असतात आणि त्यांत चुका राहून जातात. बहुतेक चुकांचे विषाणू जगतच नाहीत. काही मात्र जगतात, आणि त्यांतल्या काहींना शरीराच्या प्रतिकारशक्तीपुढे मूळ विषाणूपेक्षा अधिक टिकाव धरता येतो.

असा एक बदल १८९६ व्या जागी होतो. १८९६ म्हटलं की आपल्याला मुंबईतली प्लेगची साथ आठवते. इथे ते साल नाही, मजकुरातल्या जागेचा क्रमांक आहे. तिथे ‘जी’ हे अक्षर असतं, त्याचं ‘ए’ होतं. त्यामुळे प्रथिन बांधण्याच्या सूचनेत ‘इथे थांबा’ असा हुकूम मधेच येतो आणि ‘ई अँटिजेन’ नावाचं प्रथिन तयार होणं बंद पडतं. दुसरा बदल जोडीने होतो, १७६२ आणि १७६४ या जागांवर. तिथून ई अँटिजेन किती बनवायचं याचं नियंत्रण होतं. ही दोन अक्षरं बदलली की त्याचं उत्पादन घटतं. मोडाशाच्या गंभीर रुग्णांमध्ये सापडले ते या दोन ठिकाणचे बदल.

ई अँटिजेन नसलं तर विषाणूचं काही अडत नाही. तो वाढतो, पसरतो, यकृतात वस्ती करतो. ई अँटिजेनचं काम निराळं आहे: ते रक्तात सुटतं आणि प्रतिकारशक्तीला शांत ठेवतं. हा विषाणू स्वतः यकृताच्या पेशी मारत नाही. पेशी मरतात त्या आपल्याच संरक्षक पेशींच्या हल्ल्यात. ई अँटिजेन असताना हा हल्ला मवाळ असतो. ते नसलेला विषाणू एखाद्या निरोगी प्रौढाच्या शरीरात एकदम शिरला, तर संरक्षक पेशी लागण झालेल्या साऱ्या पेशींवर एकाच वेळी तुटून पडतात आणि यकृतच संपतं, असं याचं पटणारं स्पष्टीकरण आहे. १९९१ मध्ये इस्रायलमधल्या हैफाच्या एका रुग्णालयातल्या उद्रेकाचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. तिथे पाच रुग्णांना एकाच व्यक्तीकडून लागण झाली होती आणि पाचही जणांचं यकृत निकामी झालं. १८९६ चा बदल त्या पाचांत होता आणि ज्याच्याकडून लागण झाली त्या वाहकातही होता. तो वाहक मात्र तोच विषाणू अंगात घेऊन जगत होता.

इथे क्षणभर थांबावंसं वाटतं, कारण माझं आजचं म्हणणं याच जागी आहे. विषाणू तोच, अक्षरं तीच. एकाच्या शरीरात तो वर्षानुवर्षं निमूट राहिला आणि दुसऱ्याच्या शरीरात त्याने आठवड्यांत जीव घेतला. दोघांच्या मध्ये एक सुई होती.

मोडाशातही तेच निघालं. गंभीर आणि साध्या, दोन्ही रुग्णांच्या आजाराचा संबंध डॉक्टरकडून घेतलेल्या इंजेक्शनशी जुळला. जिल्ह्यातल्या चार तालुक्यांतच ४५६ पैकी ३९१ रुग्ण आणि ८९ पैकी ८५ मृत्यू झाले. लगतच्या दोन तालुक्यांत मृत्यू नावापुरते. हवा, पाणी, माणसं सारखीच. फरक होता तो सिरिंज आणि सुया पुन्हा वापरण्याचा. आणि हे करणारे भोंदू वैदू नव्हते. शोधनिबंध स्पष्टपणे शिकलेल्या, पदवीधर डॉक्टरांबद्दल बोलतो. जुन्या वाहकांच्या रक्तात वर्षानुवर्षांत घडलेले बदल त्या सुयांनी उचलले आणि निरोगी माणसांच्या नसांत सोडले.

आता आपल्या प्रांताकडे येऊ. जगभरच्या हिपॅटायटिस बी विषाणूंचे दहा प्रकार मानले जातात, ‘ए’ पासून ‘जे’ पर्यंत. एकूण मजकुरात आठ टक्क्यांहून अधिक फरक असला की प्रकार वेगळा, असा नियम आहे. चीन, तैवान, जपानकडे ‘बी’ आणि ‘सी’. पश्चिम आफ्रिकेत ‘ई’. अमेरिका खंडांतल्या मूलनिवासींत ‘एफ’ आणि ‘एच’. भूमध्य समुद्राच्या काठापासून भारतापर्यंत ‘डी’चं राज्य आहे. भारतात ‘डी’ सर्वांत जास्त, त्याखालोखाल ‘ए’, आणि पूर्वेकडे ‘सी’. पश्चिम भारतातही ‘डी’ पहिला, हे पुण्याच्याच संस्थेने २००३ मध्ये दाखवलं. मराठवाड्यातल्या रुग्णाचा विचार करताना ‘डी’ गृहीत धरून चालायला हरकत नाही.

याचा रुग्णाशी संबंध काय? फार जवळचा आहे. विषाणूचा आरएनए स्वतःवरच वळून एक घडी घालतो, आणि त्या घडीत १८९६ चं अक्षर १८५८ च्या अक्षरासमोर येतं. ही जोडी घट्ट जमली तरच नवा विषाणू नीट बांधला जातो. ‘ए’ प्रकारात १८५८ ला सहसा ‘सी’ असतं आणि त्याची ‘जी’शी उत्तम जोडी जमते. तिथे ‘जी’चं ‘ए’ झालं तर जोडी तुटते, म्हणून ‘ए’ प्रकारात हा बदल क्वचित दिसतो. ‘डी’ प्रकारात १८५८ ला ‘टी’ असतं. त्याची ‘जी’शी जोडी सैल असते आणि ‘ए’शी घट्ट. म्हणजे ‘डी’ प्रकारात १८९६ चा बदल विषाणूच्या फायद्याचाच ठरतो. लागण जुनी होत जाते, प्रतिकारशक्ती ई अँटिजेनवाल्या विषाणूंना मारत राहते, आणि हळूहळू बदललेले विषाणू तेवढे उरतात.

आपल्या बाह्यरुग्ण विभागांत याचं रूप असं दिसतं. कन्नडचा किंवा वैजापूरचा एखादा तरुण रक्तदान करतो. रक्तपेढीतून निरोप येतो, ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’, म्हणजे रक्तात हिपॅटायटिस बी आहे. जुन्या रिपोर्टांवर याच चाचणीला ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणत; बारूक ब्लुमबर्ग यांना ते प्रथम एका ऑस्ट्रेलियन मूलनिवासीच्या रक्तात सापडलं होतं. तरुण घाबरून डॉक्टरकडे जातो. पुढची चाचणी होते आणि रिपोर्ट येतो, ‘एचबीईएजी निगेटिव्ह’, म्हणजे ई अँटिजेन नाही. एसजीपीटी ही यकृताची रक्तचाचणी त्या दिवशी ठीक निघते. त्याला सांगितलं जातं, “तू नुसता वाहक आहेस, विषाणू झोपलेला आहे, दारूपासून लांब राहा, बाकी काही नाही.” तो सुटकेचा श्वास टाकून घरी जातो, आणि दहा-पंधरा वर्षांनी पोटात पाणी झालं म्हणून घाटी रुग्णालयात भरती होतो.

तो सल्ला एकेकाळच्या पाठ्यपुस्तकाबरहुकूम होता. ई अँटिजेन म्हणजे विषाणूच्या वाढीची खूण, ते गेलं म्हणजे विषाणू थंडावला, असं शिकवलं जाई. ग्रीस आणि इटलीतल्या डॉक्टरांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की त्यांच्या कित्येक रुग्णांत ई अँटिजेन नसूनही यकृत जळत राहतं. त्यांच्याकडेही ‘डी’च होता. १९८९ मध्ये १८९६ चा बदल सापडला तेव्हा कारण उलगडलं. आपला विषाणू त्यांच्यासारखा आहे, तेव्हा त्यांचा धडा आपल्याला लागू पडतो.

म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे. ई निगेटिव्ह रिपोर्ट हातात आला की प्रकरण मिटलं असं डॉक्टरांनी म्हणू नये आणि रुग्णांनीही मानू नये. विषाणूची रक्तातली संख्या, म्हणजे व्हायरल लोड, मोजायलाच हवी. आणि एसजीपीटी एकदा पाहून भागत नाही. या आजारात ती वर-खाली होत राहते. एका महिन्यात नव्वद, पुढच्या महिन्यात तीस. आपण नेमके तिसाच्या दिवशी रक्त काढलं तर फसतो. पहिल्या वर्षी दर तीन ते सहा महिन्यांनी तपासून मगच कुणाला निष्क्रिय वाहक म्हणावं. यकृतात किती व्रण साठले आहेत हे फायब्रोस्कॅनने कळतं, आणि ते यंत्र जवळ नसेल तर एसजीओटी आणि प्लेटलेटच्या आकड्यांवरून तालुक्याच्या ठिकाणीही अंदाज बांधता येतो.

मग कुठला प्रकार अधिक वाईट, ‘ए’ की ‘डी’? हा प्रश्न मला विद्यार्थी हमखास विचारतात. आपल्या देशात याची तीन उत्तरं तीन-चार वर्षांत मिळाली. २००२ मध्ये दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातल्या डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने लिहिलं की ‘डी’चा संबंध गंभीर आजाराशी आणि चाळिशीच्या आतल्या यकृताच्या कर्करोगाशी जास्त दिसतो. २००३ मध्ये पुण्याच्या संस्थेने पश्चिम भारतातले रुग्ण पाहून सांगितलं की प्रकाराचा आजाराच्या तीव्रतेशी संबंध आढळत नाही. हा निष्कर्ष त्यांनी निबंधाच्या शीर्षकातच घातला. २००५ मध्ये लखनौच्या संजय गांधी संस्थेतून निष्कर्ष आला की गंभीर आजार ‘डी’पेक्षा ‘ए’त जास्त आढळतो.

तिन्ही गट जबाबदार, तिन्ही ठिकाणचं काम नेटकं. तरी उत्तरं तीन. मला यात कुणाची फजिती दिसत नाही. प्रश्न चुकीच्या आकाराचा आहे असं दिसतं. रुग्णालयात येणारे रुग्ण हे आधीच गाळून आलेले असतात. जो बरा आहे तो येतच नाही. लागण कोणत्या वयात झाली हे कुणालाच सांगता येत नाही, आणि सगळ्यांत निर्णायक बाब तीच आहे. जन्मतः लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत विषाणू कायमचा मुक्काम ठोकतो. प्रौढाला झाली तर शंभरातल्या पाचेक जणांत. दारू आहे, सोबतचे इतर आजार आहेत, औषध मिळालं की नाही हे आहे. ‘डी’ हे एकच अक्षर लिहून आपण ‘डी१’, ‘डी२’, ‘डी३’, ‘डी५’ यांना एका पोत्यात कोंबतो, आणि मोडाशाने तर ‘डी१’ आणि ‘डी२’ यांतच जीवन-मरणाचा फरक दाखवला. पुण्याचा २००३ चा आणि २०११ चा असे दोन्ही निबंध एकाच संस्थेतून आलेले आहेत. पहिला सांगतो, प्रकाराने फरक पडत नाही. दुसरा सांगतो, ठरावीक जागच्या बदलाने आणि तो बदल पसरवणाऱ्या सुईने पडतो. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून वाचा, विसंगती उरत नाही.

परदेशात काही ठिकाणी प्रकाराचं वजन स्पष्ट दिसतं, हेही सांगायला हवं. अलास्काच्या मूलनिवासींत ‘एफ’ प्रकार असलेल्यांना विशीतच यकृताचा कर्करोग झालेला आढळला. त्याच लोकांत ‘सी’ प्रकाराच्या रुग्णांचं ई अँटिजेन चाळिशीच्या उत्तरार्धापर्यंत टिकतं, इतर प्रकारांत ते विशीच्या आतच जातं. ई अँटिजेन जितकं उशिरापर्यंत राहील तितकी आईकडून बाळाला लागण होण्याची शक्यता जास्त, कारण बाळंतपणाची सगळी वर्षं त्यातच जातात. पूर्व आशियात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या घरात का राहिला, त्याचं एक कारण इथे आहे.

उपचारांकडे वळू. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांना कोण दाद देतो हे प्रकारावर बरंच अवलंबून असतं. २००५ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या चाचणीत ई अँटिजेन नाहीसं होण्याचं प्रमाण ‘ए’ प्रकारात ४७ टक्के, ‘बी’त ४४, ‘सी’त २८ आणि ‘डी’त २५ होतं. आपल्या ‘डी’वाल्या रुग्णाला वर्षभर ताप, अंगदुखी, केसगळती सोसायला लावून यश चारात एकाला. आता वापरतो त्या टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर या गोळ्यांना मात्र सगळे प्रकार सारखेच. तेव्हा इंटरफेरॉन द्यायचं मनात नसेल, तर नुसत्या प्रकाराच्या चाचणीवर शेतकऱ्याचे पैसे खर्च करू नयेत. त्याच पैशांत व्हायरल लोड करावा.

विषाणूचे काही बदल मात्र आम्ही डॉक्टरांनी औषध देऊन घडवले. लॅमिव्ह्युडिन १९९८ मध्ये या आजारासाठी मान्य झालं. स्वस्त, सोसायला सोपं, आणि पहिले काही महिने व्हायरल लोड धाडकन खाली आणणारं. पण एकटं दिलं तर पाच वर्षांत दहापैकी सात रुग्णांत विषाणू त्याला जुमानेनासा होतो. नकला काढणाऱ्या प्रथिनातल्या २०४ व्या जागी असलेलं मेथिओनिन हे अमिनो आम्ल बदललं की औषध लागू पडत नाही. तिथे दुहेरी विणीचा प्रश्न येतो: नकला काढणाऱ्या प्रथिनातल्या या बदलामुळे त्याच अक्षरांतून वाचल्या जाणाऱ्या बाहेरच्या आवरणातही बदल होतो. महाराष्ट्रात एचआयव्हीच्या रुग्णांचं ओझं मोठं होतं. २००४ पासून सरकारी केंद्रांत ज्या तीन औषधांची जोडणी दिली गेली, तिच्यात हिपॅटायटिस बीवर काम करणारं औषध एकटं लॅमिव्ह्युडिन होतं. दोन्ही विषाणू असलेल्या रुग्णांना त्याचा त्रास भोगावा लागला. पुढे जोडणीत टेनोफोव्हिर आलं आणि परिस्थिती पालटली. टेनोफोव्हिर आठ वर्षं घेतलेल्या रुग्णांच्या अभ्यासातही प्रतिरोध आढळलेला नाही.

गोळी मात्र रोज घ्यावी लागते, बहुधा आयुष्यभर. या विषाणूचा मूळ साचा यकृताच्या पेशीच्या केंद्रकात दडून राहतो आणि गोळी त्याला हात लावू शकत नाही. मनाने गोळी बंद केली की विषाणू उसळतो, आणि आधीच जीर्ण झालेलं यकृत त्या एका उसळीत कोसळू शकतं. बीड-जालन्याकडची माणसं दिवाळीनंतर ऊसतोडीला कोल्हापूर, सांगलीकडे, थेट कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. त्यांच्या हातात तीन महिन्यांची औषधं दिली तरी चौथ्या महिन्यात काय? २८ जुलै २०१८ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषध मोफत आहे. हे फार मोठं पाऊल आहे. पण औषध फडावर पोहोचलं नाही, तर त्या मजुराच्या दृष्टीने ते मोफत असून नसल्यासारखं. त्याला कार्यक्षेत्राबाहेरच्या केंद्रात विनाप्रश्न गोळ्या मिळाल्या पाहिजेत, आणि त्याचं कार्ड तिथे चाललं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार भारतात २ कोटी ९८ लाख लोकांच्या अंगात हा विषाणू आहे. जगभरचा हिशेब पाहिला तर लागण झालेल्यांपैकी निदान झालेले १३ टक्के आणि उपचार मिळणारे अवघे ३ टक्के आहेत.

सुईबद्दल आणखी दोन शब्द. ताप आला की “डॉक्टर, एक सुई मारा” हे आपल्याकडे रुग्णच म्हणतो, आणि सुई न मारणारा डॉक्टर त्याला कच्चा वाटतो. देशभरच्या इंजेक्शनांची पाहणी झाली होती, तिचा अहवाल २००४ चा. सुमारे ६३ टक्के इंजेक्शनं असुरक्षित ठरली. तेव्हापासून डिस्पोजेबल आणि आपोआप निकामी होणाऱ्या सिरिंज आल्या, परिस्थिती सुधारली, हे खरं. तरी सलाईनच्या बाटलीत तीच सुई बुडवून अनेकांसाठी औषध काढणं, जत्रेत एकाच सुईने गोंदणं, एका पात्याने चार दाढ्या करणं हे दिसलं की मला मोडासा आठवतो. तुमच्यासमोर सिरिंजचं पाकीट फोडलं गेलं पाहिजे, हे सांगायला कुणी भिडेखातर कचरू नये. समोरचा डॉक्टर कितीही मोठा असो.

लसीविषयी शंका असते की विषाणू बदलतो, मग लस चालेल का? आवरणाच्या प्रथिनात १४५ व्या जागी ग्लायसिनऐवजी आर्जिनिन आलं तर लसीने तयार झालेली प्रतिपिंडं त्याला नीट ओळखत नाहीत, हे १९९० मध्ये इटलीतल्या एका लस घेतलेल्या मुलाच्या विषाणूवरून कळलं. पण असे विषाणू पसरून लस निकामी झाली, असं कुठेही घडलेलं नाही. तैवानने १९८४ मध्ये नवजात बाळांना लस सुरू केली आणि दहा वर्षांत तिथल्या शाळकरी वयाच्या मुलांतला यकृताचा कर्करोग निम्म्यावर आला. आवरणाचा जो भाग लस शिकवते तो सगळ्या प्रकारांत सामायिक आहे, म्हणून एकच लस सगळ्यांवर चालते. १४५ च्या बदलाचा धोका दुसरीकडे आहे: काही चाचणी-संच असा विषाणू हेरू शकत नाहीत. रक्तपेढ्यांनी विषाणूचा जनुकीय मजकूर थेट शोधणारी चाचणी वापरावी, या आग्रहामागे हेही एक कारण आहे.

भारतात ही लस २००२ मध्ये मोजक्या ठिकाणी सुरू झाली आणि २०११-१२ पर्यंत देशभर पोहोचली. त्याआधी जन्मलेले, म्हणजे या सभागृहातले बहुतेक सगळे, लसीविना वाढलेले आहेत. घरात एक जण पॉझिटिव्ह निघाला तर आई, भावंडं, पती किंवा पत्नी, मुलं या सगळ्यांची तपासणी करा. निगेटिव्ह असतील त्यांना तीन डोस द्या. ताट-वाटी वेगळी ठेवायची गरज नाही, लग्न मोडायची तर मुळीच नाही. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश वेगळा असला की पुरे.

शेवटचा मुद्दा गरोदर बाईचा. तिच्या रक्तात विषाणू प्रति मिलिलिटर २ लाख एककांहून अधिक असेल तर सातव्या महिन्यापासून टेनोफोव्हिर देतात, बाळाला जन्मतः लसीसोबत तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही देतात, आणि आई निर्धास्तपणे अंगावर पाजू शकते. ई अँटिजेन निगेटिव्ह आईकडून बाळाला लागण कमी वेळा होते, म्हणून तिच्याकडे कानाडोळा होण्याचा धोका असतो. पण अशा आईकडून लागण झालेल्या काही बाळांत दोन ते चार महिन्यांच्या वयात यकृत एकाएकी निकामी झाल्याच्या नोंदी आहेत, आणि त्यांच्या विषाणूंत १८९६ चाच बदल मिळाला आहे. तेव्हा आईचा ई रिपोर्ट पाहून जन्माच्या वेळची लस ठरवायची नसते. ती प्रत्येक बाळाला २४ तासांच्या आत द्यायची असते. बाळंतपण घाटीत होवो, उपकेंद्रात होवो की उसाच्या फडावर, आणि तो दिवस रविवार असो की लक्ष्मीपूजनाचा.